चांदीची बेटं

३ जानेवारी १९५७
नव्या वर्षाचा संकल्प एकच : जुना वर्गमित्र सुधाकर, त्याच्यावर सूड. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या पदार्थविज्ञान परिषदेत तो माझ्याकडे बोट दाखवून भर सभेत म्हणाला, "ही चांदीची बेटं फक्त यांच्या डोक्यात आहेत." सगळे हसले. आता राज्यांची फेररचना झाली, आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. सुधाकर डोक्यातून जात नाही.

१९ जानेवारी
कॉलेजच्या लॅबसाठी जबलपूरहून व्हॅक्यूम पंप उसना मिळाला. काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊन त्याचा पुरता ऑक्साइड केला. त्यातून वीज जात नाही. मग पंपाने हवा काढून त्यावर चांदीची वाफ बसवली, नावापुरती. इतकी कमी चांदी सलग बसत नाही, बेटाबेटांनी बसते. वीज एका बेटावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि तापवलं की उड्या वाढतात. सलग धातूत नेमकं उलटं. सुधाकर हेच मानत नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ
मीटरचा काटा हलला. बल्बने तापवल्यावर आणखी हलला. सिद्ध झालं. बायकोला लॅबमध्ये नेऊन दाखवलं. कुसुम म्हणाली, "तुम्ही हलला म्हणता, तर हलला असेल."

१० फेब्रुवारी
सुधाकर पुतणीच्या लग्नाला बुऱ्हाणपुरात येतोय. लॅबमध्ये बोलावलंय. सगळी स्टाफरूमही. पण एवढुशा काट्याने सूड होत नाही, मागच्या बाकावरून दिसला पाहिजे. म्हणून त्याच काचेवर चांदीचा आणखी एक जाड थर दिला. काटा थेट शेवटच्या आकड्यावर. इतकं यश मलाही अपेक्षित नव्हतं. पंप लगेच परत पाठवला. आता काय गरज?

१४ फेब्रुवारी
प्रयोग बराचसा यशस्वी. काटा झपकन गेला, लोक उठून बघू लागले. मग तापवलं. काटा मागे आला. पुन्हा तापवलं, पुन्हा मागे. व्होल्टेजला दोष दिला.
सुधाकर हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं. चांदी किती वेळा चढवली, विचारलं. सांगितलं.
"बेटं जुळून गेली रे. ही आता साधी चांदी. पहिल्या थराला काय झालं होतं?"
तेही सांगितलं. तो स्टूल ओढून बसला.
"मग तुझं बरोबर होतं. मीच चुकलो. ती काच दाखव."
मी समोरच्याच काचेकडे बोट केलं. त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि हळूच परत ठेवली.
चूक त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केली, हे इथे नोंदवतो. ऐकायला खोलीत आम्ही दोघंच. बाकीचे काटा मागे आल्यावर चहाला गेले होते.