सकाळी श्रद्धा, दुपारी शंका

३ मार्च
नोटीस लागली. फिलॉसॉफी आणि थिऑलॉजीची तोंडी परीक्षा एकत्र. एकच खोली, एकच टेबल, समोर दोघंही. पुरावा सर आणि मॅडम. मी घाबरलेलो नाही. नोटीस पुन्हा पुन्हा वाचली ती अक्षर बारीक होतं म्हणून.

भानगड एवढीच, की फिलॉसॉफीच्या सरांना (कशालाही 'पुरावा काय?' विचारतात, म्हणून पुरावा सर) मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय की देवबिव आपण मानत नाही. सर खूश. आणि थिऑलॉजीच्या मॅडमना सांगितलंय की सकाळी प्रार्थना केल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. मॅडम खूश. दोन्ही वेळा समोरच्याचं मन राखलं. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात.

४ मार्च
बाबांचा फोन. नापास झालास तर हे सगळं बंद, सरळ काकांच्या दुकानात बसायचं, म्हणाले. काकांचं दुकान बाथरूमच्या सामानाचं. मागून काका ओरडले, कमोडचा सेक्शन तुझ्यासाठीच मोकळा ठेवलाय रे! घरातले सगळे हसले. मीपण हसलो. फोन ठेवल्यावर पाणी ग्लासाऐवजी टेबलावर ओतलं. रिकाम्या पोटी कॉफी घेतली की होतं असं.

५ मार्च
आजपासून कडक टाइमटेबल. सकाळी श्रद्धा, दुपारी शंका, संध्याकाळी दोन्हींची उजळणी. 'कृपा' हा धडा ऑप्शनला टाकला. लांबलचक आहे, आणि माणसाला लायकी नसताना कसं मिळतं वगैरे काहीतरी आहे. मेहनती मुलाला त्याचा काय उपयोग?

६ मार्च
उठायला उशीर. श्रद्धा राहिली. शंका घ्यायला आधी श्रद्धा लागते, त्यामुळे शंकाही उद्यावर.

१० मार्च
कँटीनमध्ये सर आणि मॅडम एकाच टेबलावर! एक सँडविच, अर्धं अर्धं. हसत होते. माझ्यावरच असणार. मी कोल्ड्रिंकच्या फ्रिजमागे जाऊन उभा राहिलो. कँटीनवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय शोधतोयस तिथे? मी म्हटलं, काही नाही. सर लांबूनच म्हणाले, शून्य शोधतोय वाटतं, विषय चांगला आहे.

जेवलो नाही. डाएट.

१३ मार्च
रूम पार्टनरनं माझी खोटी व्हायवा घेतली. तो सिव्हिलला आहे, आम्ही त्याला काँक्रीट म्हणतो. देव आहे का, त्यानं विचारलं. मी एकीकडे असंही म्हणता येईल, दुसरीकडे तसंही, असं बराच वेळ मांडलं. काँक्रीट म्हणाला, गाढवा, हो म्हण नाहीतर नाही म्हण, दोन्ही म्हणालास तर मेलास. इंजिनियरला खोलात जाता येत नाही.

पण तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. देव असला, तर मॅडमना मारलेल्या थापा त्यानं ऐकल्यात. नसला, तर मला वाचवायला कोणी नाही. दोन्हीकडून मेलो. मुद्दा चांगला आहे, परीक्षेत वापरता येईल.

१७ मार्च
खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असा पक्का निश्चय. सरांच्या केबिनचं दार ढकललं, तर आत मॅडम! चुकून आलो, म्हणालो. सरांनी विचारलं, मग जायचं कुठे होतं? मी सांगितलं, बाथरूमला. जिना उतरताना काकांचं दुकान आठवलं आणि अक्षरशः रडू आलं. जिन्यात धूळ फार आहे.

२० मार्च, सकाळ
घाबरलोय. आता लिहूनच टाकतो. भयंकर घाबरलोय. बूट उलटसुलट घातले होते, काँक्रीटनं दाखवलं. अभ्यास म्हणाल तर टाइमटेबल तेवढं पाठ आहे.

शेवटी डोळे मिटून प्रार्थना केली: देवा, मी तुला मानत नाही हे मला सरांसमोर नीट मांडता येऊ दे, आणि मॅडमना ते ऐकू येऊ देऊ नकोस.

२० मार्च, दुपार
संपलं. एकच प्रश्न. सरांनी विचारला, मॅडमनी पेन उघडलं. देव आहे का?

हो म्हटलं तर सर गेले, नाही म्हटलं तर मॅडम गेल्या. आणि तोंडातून निघून गेलं, देव जाणे!

मग सर शांतपणे म्हणाले, पहिल्या आठवड्यात मला काय सांगितलं होतंस, ते मॅडमना सांग. आणि त्यांना काय सांगितलंस, ते मला सांग. मॅडम म्हणाल्या, राहू दे, आम्ही रोज एकाच गाडीनं येतो.

वर्षभर! वर्षभर गाडीत माझीच चर्चा!

असो. 'देव जाणे' हे उत्तर मुद्दाम दिलं होतं. दोन्ही विषय दोन शब्दांत. डिस्टिंक्शन नक्की.

२ एप्रिल
पास. दोन्ही विषयांत. दोन्हींपुढे एक बारीक खूण. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला, ग्रेस मार्क. तिथल्याच बाकावर बसलो.

आभार मानायला मॅडमकडे गेलो. सर तिथेच होते. मी म्हणालो, उत्तर तुम्हाला पटलं तर. मॅडम म्हणाल्या, अजिबात नाही. सर म्हणाले, उत्तराला शून्यच होतं. मग दिलेत कशाला, मी विचारलं. मॅडमनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी ऑप्शनला टाकलेला तोच धडा. म्हणाल्या, ग्रेसला आपल्याकडे काय म्हणतात? आता तरी वाच.

फार मेल्यासारखं झालं. खरंच.

संध्याकाळी बाबांचा फोन. खूप आनंदात होते. काकांना सांगतो, कमोडच्या सेक्शनला आता दुसरा कोणीतरी बघा, म्हणाले. मग हळूच विचारलं, स्वतःच्या हिमतीवर पास झालास ना रे?

हो, म्हटलं.

पुढच्या सेमिस्टरचा सिलॅबस मिळालाय. मॅडमचा पहिलाच धडा 'पाप'. लांबलचक आहे. ऑप्शनला टाकावा म्हणतो.