माझ्या टेबलासमोरून

ठाणे,
मंगळवार, ११ जुलै १९८९

चि. उत्तरास सप्रेम जयभीम.

रविवारी इथून निघून तुम्ही आंबिवलीला वेळेवर पोहोचलात, हे दादाकडून कळले. वहिनीचा खोकला थांबला का? दादा रोज इथे ठाण्यात वागळे इस्टेटला कामावर येतो, तरी हे पत्र त्याच्या हाती न देता टपालाने पाठवते आहे. कारण पुढे कळेल.

येत्या शनिवारी तुला बी.ए.च्या पहिल्या वर्षासाठी अर्थशास्त्राच्या जोडीचा विषय भरायचा आहे: गणित की संख्याशास्त्र. "आत्या, दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. ते एक्स-वाय दिसलं की भीतीच वाटते गं," असे तू म्हणालीस, आणि मी तासभर गणिताची थोरवी सांगत बसले. ते शिकवणे नव्हते. म्हणून आता क्रमाने सांगते.

भीती हे विषय टाळण्याचे कारण नव्हे. ती सरावाने जाते. विचारायचे ते इतकेच, की मला कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत? भाव किंचित वाढला तर मागणी कोणत्या वेगाने घटेल, हे गणित सांगते. ते फार सुंदर आहे, उत्तरा! वक्ररेषेला एकाच बिंदूपाशी टेकून जाणारी सरळ रेषा मला प्रथम उमगली, तेव्हा भर वर्गात मी एकटीच हसले होते.

परंतु जेवताना तू विचारलेस ते निराळे होते. दिवा स्टेशनाजवळच्या चाळींत पाणी नेमके कोणाला कमी पडते, हे कसे शोधायचे? नळावर उभ्या असलेल्या बायकांनाच विचारले, तर कामावर गेलेलीची तहान मोजलीच जात नाही. मग कोणती घरे निवडायची, आणि किती? हा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे. तू तो विचारलास, तेव्हा मी तुझ्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय बदलला.

का बदलला, तेही सांगते.

यंदा कॉलेजात माझ्या गणिताला मुले कमी आहेत. वर्ग भरला नाही तर तुकडी बंद होईल आणि मी अतिरिक्त ठरेन. मग संस्था पाठवील त्या गावी जायचे, नाहीतर घरी बसायचे. दादाला हे ठाऊक आहे. म्हणूनच निघताना तो दारात म्हणाला, "पोरगी माझी, कॉलेज तुझं! गणितच घेणार ती. नाहीतर एवढ्या लांब धाडतो कशाला?" तू चपला घालता घालता माझ्याकडे पाहिलेस. मी हसले. नको होते हसायला.

तुझ्या एकटीमुळे तुकडी वाचेल का? कदाचित वाचेलही. हे वाचून तू गणित घेशील, अशी मला धास्ती वाटते. घेणार नाहीस, अशीही वाटते. पण माझी नोकरी हे तुझ्या अभ्यासाचे कारण होऊ शकत नाही. तू संख्याशास्त्र घे. दादाशी मी बोलेन.

शनिवारी अर्जावर विषयशिक्षकाची सही लागते. स्टाफरूममध्ये माझे टेबल दाराशीच आहे. संख्याशास्त्राचे श्रीपाद सर पलीकडे, खिडकीपाशी बसतात. तुला माझ्यासमोरूनच जावे लागेल. मान खाली घालू नकोस, थांबू नकोस. मी हाक मारलीच, तरी वळू नकोस.

तुझी शिक्षिका न होणारी,
तुझी आत्या
शालन