वापरात असलेली फाइल

२ डिसेंबर
आज ताडकळसच्या सासरी पाऊल टाकलं. घर लय आवडलं बाई! दारात लिंब, मागं हौद, आणि आत चक्क कंप्युटर. पालमला माहेरी असताना कंप्युटरचा कोर्स केला, पण घरचं मशीन कधी मिळालं न्हाई. सगळ्यांनी राजेश्री, राजेश्री करून भंडावून सोडलं.

यांची पहिली बायको सत्यशीला त्या कंप्युटरवर गावाचे अर्ज भरायची. मागच्या साली वारली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीच्या नावाचा, तिचं तोंड कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, नवी साडी आधी त्याला लावायची, मग नेसायची. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या गळ्यात टाक घातला आणि बजावलं, काढशील तर ती आपली जागा मागायला येईल. मी आपली मान डोलावली.

५ डिसेंबर
टाक केसांत अडकायलाय, टोचायलाय. काढून कंप्युटरच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मेलेलं माणूस काय करतंय!

मशीन मात्र अर्ध्या तासानं चालू होतंय. कंबर कसली. आधी सगळे प्रोग्राम बंद केले. फक्त टेंपचा फोल्डर उघडला, फोटो-कागदपत्रांना हात लावला न्हाई. तात्पुरत्या फाइली निवडून उडवल्या. जी वापरात आहे असं मशीन म्हणेल ती सोडायची, जबरदस्ती करायची न्हाई. तशी एकच राहिली. मशीन पळायला लागलं, हे खूश.

७ डिसेंबर
बंद करून परत चालू केलं तरी ती फाइल वापरातच. एकही प्रोग्राम उघडा न्हाई. मग वापरायलंय कोण? यांना विचारलं तर म्हणाले, तुझी सवत अर्ज भरायली असंल. मेली असली कसली थट्टा! मला हसू आलं न्हाई.

८ डिसेंबर
ती फाइल उघडली. आमच्या लग्नाचा फोटो. शेजारी हे, आणि माझ्या शालूत सत्यशीला. भिंतीवरच्या हारातल्या फोटोत आहे तीच. घाईनं मूळ फोटो पाहिला. त्यात मी आहे. देवा, मी आहे!

धावत ड्रॉवर उघडला. टाक न्हाई. आत्याबाईंपाशी सगळं कबूल केलं. रागावल्या न्हाईत, माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघून रडायला लागल्या. सोनाराकडून नवा घडवून आणते म्हणाल्या. तोवर मशीनला शिवू नको.

१० डिसेंबर
राहवलं न्हाई, मशीन चालू केलं. मूळ फोटोत मी पुसट झालेय. तिच्यासारखं कुणीतरी उमटायलंय.

जेवायला ताटं वाढली. माझं न्हाई. यांना हाक मारली, वळून बघितलं न्हाई. हाताला धरलं तर हात झटकला, माशी बसावी तसा.

हे घर माझं हाय. माझा संसार हाय. मी जाणार न्हाई —

११ डिसेंबर
कंप्युटरपुढच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय. पाठ दिसते. बटणं वाजायल्यात.

आत्याबाई आल्या. हातात नवा टाक. देवा, आल्या एकदाच्या! मी मान पुढं केली —

त्या मला ओलांडून खुर्चीकडं —

तिच्या गळ्यात घालायल्यात. चांदीवर तोंड कोरलंय. नाक माझं, कपाळ माझं —

आत्याबाई, मी हितं हाय! हितं —

तिला समजवायल्यात. म्हणायल्यात, हा टाक जप बाई, चारच दिवस नांदली बिचारी राजेश्री, तिचं मन अजून ह्या घरात —