फायनलला मी न जाण्याबाबत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी दाढ काढून झाली का, की अजून डॉक्टरांना टाळणं चाललंय? भाऊजींना आता झोप लागते ना? इकडे सगळे ठणठणीत आहोत. म्हणजे तुझी भाची सोडून, कारण सामन्याच्या दिवशी तिच्या पोटात दूधसुद्धा ठरत नाही. आणि मी सोडून, कारण मी तिच्याकडे बघत असतो.

ती शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे, हे तुला ठाऊकच आहे. शाळेने आजवर एकही कप आणलेला नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी यंदा आधीच दाराशी काचेचं कपाट करून घेतलं, आत दिवाही लावला, आणि आता पोरी रोज त्या रिकाम्या, लखलखीत कपाटावरून वर्गात जातात. खेळाच्या बाई जाता-येता त्याच्याकडे नुसतं बोट दाखवतात. (बोलल्या असत्या तर परवडलं असतं.) परवा चष्म्याची काडी बसवायला गेलो, तर दुकानदार (त्याची मुलगी राखीव खेळाडू, बाकावरून उठलेली नाही अजून) माझा हात धरून म्हणाला, "सगळं तुमच्या मुलीवर आहे हो." काडी तशीच राहिली, मी घाम पुसत घरी आलो.

तू म्हणशील, तू कशाला जीव टांगणीला लावतोस? अगं, माझा धंदाच तसला. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. चाक त्यांच्या हातात, पण जादा ब्रेक माझ्या पायाखाली. त्या ब्रेकच्या जिवावर मी आजवर हसतमुख राहिलो. मैदानावर पायाखाली नुसतं गवत! सेमीफायनलला चेंडू आमच्या गोलाकडे आला की मी ब्रेक दाबायचो, आणि पुढच्या बाईंनी पाठीमागे ठेवलेल्या पिशवीतले टोमॅटो त्यात गेले. बाई भल्या, त्यांनी फक्त जागा बदलली.

बरोबरी झाली आणि पेनल्टी आल्या. मला बसवेना. मी उठून गोलासमोरच्या दोरीशी गेलो. समोरच्या संघाच्या मुलीचा पाय बघून मला कळलं, ही डावीकडे मारणार. आणि मी बोंबललो, "डावीकडे!" आता गाडीत मी आणि शिकणारा एकाच बाजूला तोंड करून बसतो, त्यामुळे माझं डावं तेच त्याचं डावं. इथे मी पोरीच्या समोर उभा होतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. पोर स्वतःच्या अकलेने तिच्या उजवीकडे झुकली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. माझा आवाज ऐकला आणि डावीकडे झेपावली. चेंडू उजवीकडून आत. त्यांच्या पुढच्या मुलीने चेंडू खांबावर मारला म्हणून आम्ही जिंकलो. लोक नाचत होते, आणि माझी मुलगी जाळी धरून वाकून ओकत होती.

घरी आल्यावर ती बराच वेळ मोजे धूत बसली. मग म्हणाली, "बाबा, फायनलला तुम्ही येऊ नका. आईला येऊ दे, तिला त्यातलं काही कळत नाही." मला राग आला, मग वाईट वाटलं, मग परत राग आला. पण मी हसून "बरं" म्हणालो आणि विषय तिथेच संपला. मी अगदी मजेत आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी, फायनलच्या दिवशी, मला तुझ्याकडे बोलाव. फोन कर, पण पोर घरात असताना. माळ्यावरचं सामान काढायचंय, एकटीने होत नाही, असं काहीही सांग. माझं तोंड बघून ती कालपासून गुन्हेगारासारखी वागतेय. बापाला नको म्हटलं, हे ओझं घेऊन तिने गोलात उभं राहू नये.

आणखी एक. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात ती येऊन विचारून गेली, "बाबा, हरलो तर?" मी म्हणालो, "हरलीस तर हरलीस." पण ताई, ते म्हणण्याआधी मी थांबलो. जरासाच, पण तिला कळलं. तेवढं एक वाक्य तू तिला फोनवर म्हण. न थांबता म्हण.