हेल्मेटपेक्षा मजबूत डोकं

६ नोव्हेंबर २०२२, रविवार
मोनिकाचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. बायकोसाठी खर्च करताना मी मागेपुढे पाहत नाही. फॅक्टरीतून बदली होऊन गेलेल्या साहेबांची गिअरवाली सायकल स्वस्तात घेतली. पण मोनिकाला गिअर समजणार नाहीत. आधी मीच चालवून सेट करून देईन.

८ नोव्हेंबर
भंडाऱ्याला हेल्मेट बघितलं. तीन हजार दोनशे. हातात घेतलं तर थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात हाच फुकट येतो आणि आपण फेकून देतो. वरून भोकं. भोकांचे पैसे वेगळे लावत असावेत. बाजूला सायकलची चड्डी टांगलेली, आत गादी शिवलेली, अठराशे. म्हटलं, एवढ्यात खरी गादी येते, वर उशी. दुकानदार हसला नाही. यांचा धंदाच मूर्खांवर चालतो.
ठरवलं: अख्ख्या जवाहरनगरात एक माणूस तरी बिनहेल्मेटचा, ताठ मानेने सायकल चालवेल.

१३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
कॉलनीच्या सायकल क्लबसोबत गेलो. म्हणजे गेटपर्यंत. क्लबचा लीडर कुंदन. हा ऑफिसात माझ्या हाताखाली. म्हणाला, "सर, हेल्मेट नसन तर नाही नेता येत. नियम आहे." सगळ्यांसमोर. याची रजा कोण मंजूर करतं, हे विसरला वाटतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
हेल्मेट घेतलं. चड्डी, हातमोजे, जर्सी, गॉगलही. ही खरेदी नाही, निषेध आहे. घरी किंमत अर्धी सांगितली. मोनिका म्हणाली, "अन् माह्यं हेल्मेट?" तिला समजावलं की बायकांच्या स्पीडला अपघात होत नाहीत. आईने हेल्मेट उलटंपालटं करून विचारलं, "यातून भाताची पेज गाळाची हाय का?" या घरात स्पोर्ट्सचं वातावरणच नाही.

१६ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. मोबाइलचं ॲप म्हणतं दोन किलोमीटर. ॲप खराब. मोनिकाने विचारलं, सायकल सेट झाली का. अजून नाही. अशा गोष्टींत घाई चालत नाही.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या तृप्तीने स्वतःची जुनी लेडीज सायकल आणि मुलाचं हेल्मेट मोनिकाला वापरायला दिलं. उद्याच्या क्लबच्या पवनी राइडला मोनिकाही येणार म्हणते. हसू आलं. कुंदनला सांगून ठेवलं, तिच्यासाठी मागे कोणीतरी ठेव. हो म्हणाला. माझ्याकडे बघून का म्हणाला ते कळलं नाही.

२० नोव्हेंबर, रविवार
वारा विरुद्ध. सायकल नीट सेट नाही. अड्याळच्या अलीकडे वेग कमी केला, स्वेच्छेने. ग्रुपवर टाकायला चालत्या सायकलवर सेल्फी काढत होतो. रस्त्याच्या कडेला रेती. चाक सरकलं. डोकं थेट मैलाच्या दगडावर.
हेल्मेट मधोमध फुटलं. डोक्याला ओरखडाही नाही. म्हणजे बत्तीसशेचा माल एका पडण्यात खलास आणि माझं फुकटचं डोकं शाबूत. मजबूत काय, ते सिद्ध झालं.
मोनिका पुढून परत आली. ती पुढे कशी, हे विचारायचं राहिलं. माझं डोकं तिने दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. "काहून करता असं?" म्हणाली आणि रस्त्यातच रडायला लागली. काही झालं नाही, काही झालं नाही, असं मी म्हणत राहिलो. माझाही आवाज नीट निघत नव्हता. वाऱ्यामुळे.
पुढे पवनीपर्यंत मी धानाच्या ट्रॅक्टरवर, पोत्यांवर बसून. सोबत तृप्तीची सायकल. माझी मोनिकाने चालवत आणली, कोणीतरी आणायलाच हवी होती. गिअर तिला कोणी शिकवले, माहीत नाही.

२२ नोव्हेंबर
फुटकं हेल्मेट घेऊन दुकानात तक्रारीला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे फुटलं म्हणून तुमी इथं उभे राहून भांडून राहिले." पक्का व्यापारी. मोनिका सोबत होती. तिने माझ्याऐवजी त्याचंच ऐकलं आणि पर्समधून पैसे काढून नवीन हेल्मेट घेतलं. मनात म्हटलं, शेवटी बायकोच. घालून पाहिलं तर कानांवर अडकलं. ती म्हणाली, "ते माह्यं आहे. तुमचं पुढच्या पगारात पाहू."
घरी आल्यावर तिने सायकलची सीट खाली केली. मला विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर
कुंदनचा फोन. वाटलं, माफी मागतो. म्हणाला, "सर, वहिनीचा नंबर द्या ना. क्लबच्या ग्रुपमध्ये टाकाचा आहे. मस्त चालवतात." दिला. मग म्हणाला, "अन् तुमचा ठेवू का काढू?"
विचार करून सांगतो म्हटलं. फोन ठेवायच्या आतच विचार झाला. ठेव म्हटलं. कोणीतरी पाणी घेऊन गाडीने मागे यायला लागतंच.