मध्यंतरानंतरचं गाणं

बुधवार, १२ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

गुडघे कसे आहेत? भावोजी फिरायला जातात, की अजून खुर्चीशीच संसार? मी मजेत. रेडिओवरचा माझा दुपारचा कार्यक्रम आता तासाभराचा झालाय. आठवड्यातल्या मैफली, नाटकं, चित्रप्रदर्शनं यांतलं निवडक लोकांना ऐकवते, सांगते. केंद्रात म्हणतात, बाईंना माइक दिला की परत मागायचा नाही. काम मी चोख करते, हे तूही नाकारणार नाहीस.

सहा वर्षांनी हिचं पत्र कसं काय, असं वाटलं असेल. सांगते.

सोमवारी जुन्या संग्रहात तुझ्या सहा वर्षांपूर्वीच्या त्या मैफलीचं रेकॉर्डिंग सापडलं. माझं परीक्षण तुला पाठ असेल. ‘आवाज थकलाय, आता विसावा घ्यावा.’ तू गाणंही सोडलंस आणि माझं दारही.

ऐकायला बसले. सुरुवातीला आवाज जरा खरखरतोय, ते मी आजही म्हणेन. पण मध्यंतरानंतर तू जे गायलीस, ते ऐकताना पुढ्यातला चहा निवून गेला. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मध्यंतरात मी उठून गेले होते, ताई.

डोकं दुखतंय असं आईला सांगितलं. थाप होती. लहानपणी आई दोघींना शेजारी बसवून गाणं शिकवायची, आणि माझा सूर लागला तरी बघायची तुझ्याकडे. त्या दिवशी अख्खं सभागृह तसंच बघत होतं. मला बसवेना. आणि ते ‘थकलाय’ मी घरूनच ठरवून नेलं होतं.

काल दुपारी हे माइकवर सांगितलं. “अर्धीच मैफल ऐकून मी पुरं परीक्षण केलं. उरलेली आज तुमच्याबरोबर ऐकते.” साहेब काचेपलीकडून हातवारे करत होते. मी सलग बावीस मिनिटं तुझं गाणं लावलं.

मी बाहेर आले तर साहेब म्हणाले, “बाई, परवानगी कुणाची घेतलीत?”

म्हटलं, “बहिणीची राहिलीय. तुमची त्यानंतर.”

मग एका शिंपीणबाईंचा फोन आला. “मशीन बंद करून ऐकलं हो. या बाई हल्ली कुठे गातात?” मी सभागृहाची नोंदवही मागवली.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी चारला, केंद्राचं सभागृह तुझ्या नावाने राखून ठेवलंय. गायचं की नाही, ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, ते वेगळं ठरव. एकासाठी दुसरं अडवू नकोस.

तुझी,
वयाने धाकटी, आणि त्या दिवशी मनानेही धाकटीच ठरलेली
बहीण