सातशे ग्रॅमची सॅक

१ डिसेंबर
ठरलं. २३ ते २६ जानेवारी, पन्हाळा ते आंबा, चार दिवस चालत, जंगलातून. आमच्या कागलच्या कंपनीतला संघर्ष दरवर्षी जातो. क्वालिटीत माझ्या हाताखाली आहे. काल कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, येताय काय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणालो, कुणी विचारतंय का याचीच वाट बघत होतो. वय एकोणपन्नास. तब्येत उत्तम. भीती कसलीच नाही. फक्त सॅक योग्य पाहिजे.

३ डिसेंबर
अल्ट्रालाइट! तीन तास व्हिडिओ बघितले. परदेशात लोक महिनोन्‌महिने चालतात, एक किलोच्या आतली सॅक घेऊन. आत फ्रेम नाही, चेन नाही, तोंड नुसतं गुंडाळायचं. संघर्षला त्याच्या सॅकचं वजन विचारलं. "न्हाय बा कधी मोजलं." अशानेच अपघात होतात.

७ डिसेंबर
सॅक शोधता शोधता मोबाइलने आपणहून गव्याचा व्हिडिओ दाखवला. उसात घुसलेला. अकरा वेळा बघितला, माहिती म्हणून. मोठ्या गव्याचं वजन हजार किलो भरतं म्हणे. सॅक हलकी असेल तर पळता येईल. अल्ट्रालाइटचा हा फायदा कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नाही.

११ डिसेंबर
रंगावर अडलोय. लाल नको, गवा. हिरवी नको, हरवलो तर कुणाला दिसणार नाही. पिवळी नको, माश्या. संयोगिता म्हणाली, "तुम्हाला जायचंय का सॅक बघत बसायचंय?" बायकोला डेटा कळत नाही.

२० डिसेंबर
करडी सॅक आली. किचनच्या काट्यावर ७१२ ग्रॅम. कंपनी म्हणते ६९०. तक्रार टाकली. पाठीवर घेऊन घरभर फिरलो. संयोगिताला म्हणालो, काही घेतलंय असं वाटतच नाही. म्हणाली, "आत काही घातलेलंच न्हाय की."

२८ डिसेंबर
घातलं. साध्या सॅकपेक्षा दीड किलो वाचलं, म्हणजे सेफ्टीसाठी दीड किलो जास्त नेता येतं. साधं गणित. टॉर्च तीन, शिट्ट्या दोन, दोर पंधरा मीटर, क्रेप बँडेज, जळवांसाठी एक किलो मीठ. एकूण चौदा किलो. सॅकची मर्यादा नऊ. संघर्ष म्हणाला, जळवा पावसात असतात. असू देत.

५ जानेवारी
सराव. शिवाजी पेठेतून चालत जोतिबा. केर्लीजवळ कुत्रं आडवं आलं. अर्धा तास त्याचा स्वभाव बघत उभा राहिलो. डोंगर चढायला निघालेली एक बाई म्हणाली, "पावणं, दगुड उचलल्यागत करा की." करणारच होतो. तेवढ्यात परतीची एस.टी. दिसली.

१६ जानेवारी
तीन दिवस छाती धडधडते. हातांना घाम. ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, हार्ट एकदम फर्स्ट क्लास. फार वाईट वाटलं.

२१ जानेवारी
संघर्षला स्पष्ट सांगितलं, सॅकचा डावा पट्टा दोन सेंटिमीटर आखूड आहे, जोखीम नको, पुढच्या वर्षी बघू. तो म्हणाला, "माझी सॅक घ्या सर, मी तुमची घेतो." म्हणालो, नको, माझीच घेऊन येतो.

२३ जानेवारी, सकाळी ९.४०
पन्हाळा सोडला. संघर्षने दोर, मीठ, दोन टॉर्च असं सगळं जादा सामान गडावरच्या चहावाल्याकडे ठेवायला लावलं. आता आठ किलो. खरंच हलकी वाटते. दोन्ही शिट्ट्या मात्र गळ्यात ठेवल्यात.

२५ जानेवारी, घरी
काल दुपारी तीनच्या सुमारास दाट झाडीत वाट वळली आणि समोर गवा. तीस फुटांवर. व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा खूप मोठा. संघर्ष हळूच म्हणाला, "सर, हलू नगासा." हे मला माहीत होतं. अकरा वेळा बघितलं होतं.

मी पळालो.

वाट सोडून खाली, शिट्टी फुंकत. एका झाडाला मिठी मारून डोळे मिटले तरी फुंकतच होतो. संघर्ष हाका मारत माझ्यामागे उतरत होता. मग दगड गडगडल्याचा आवाज आला आणि तो ओरडला. वर गेलो, गवा निघून गेला होता. तो खाली बसलेला, घोटा सुजून नारळाएवढा. मोबाइलला रेंज नाही. म्हणाला, "खाली धनगरवाडा हाय, तासाची वाट. कुणालातर घिऊन या."

मी हो म्हणालो आणि सॅकचे पट्टे आवळायला लागलो. डावा, उजवा, कमरेचा, परत डावा. वीस मिनिटं आवळत होतो. तो बघत होता. शेवटी म्हणाला, "भ्या वाटत आसंल तर ऱ्हावा सर. येतंय कोणतर."

झुंबरबाई आली. साठीची असेल, धनगरवाड्यातली. "कोण शिट्टी फुंकतंय रं? म्हसरं बुजल्यात माजी!" संघर्षला बघून तशीच मागे वळली आणि चौघांना घेऊन आली. त्यांनी घोंगडीच्या झोळीतून त्याला रस्त्याला आणलं. माझी सॅक तिने डोक्यावर घेतली. म्हणाली, "ह्यात काय हाय का न्हाय?"

मदत माझ्या शिट्टीमुळे आली, हे नोंदवून ठेवतो. ती यायच्या आधी मी धनगरवाड्याच्या वाटेने निघालो होतो आणि पन्नास पावलांवरून परत आलो, हे नोंदवत नाही.

२८ जानेवारी
घोट्याला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. संघर्षने फोनवर आधीच सांगून ठेवलंय, "गवा आला, माझाच पाय घसरला." कॅन्टीनमध्ये माझ्या पाठीवर थापा पडल्या. जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी
संघर्षच्या घरी गेलो. त्याची बायको क्रांती चहा घेऊन आली. म्हणाली, "सर, तुम्ही होता म्हणून निभावलं. हे सांगत होते, दमच सोडला नाही तुम्ही." संघर्षने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी दोन उचलली.

ती आत गेल्यावर त्याला खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही. तोच आधी बोलला. दिवाळीनंतर परत जाणार आहे, तीच वाट, राहिलेली पुरी करायची. वाटलं, आता परत 'येताय काय' विचारणार. त्याने विचारलं, "सर, तुमची सॅक द्याल काय?"

"ठेवूनच घे," म्हणालो. त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच. इतकं बरं वाटलं की उठताना त्याच्याकडे बघवलं नाही.